‘काहून’चं तिसरं कडवं

मोहन,

तू जाऊन अठरा दिवस झाले. दारव्ह्यात मात्र तुझा आवाज अजून फिरतोय. साड्यांच्या सेलची रिक्षा काल बसस्टँडवरून गेली. भोंग्यातून तू नेहमीसारखा सांगत होतास, संधी फक्त रविवारपर्यंत, आणि तो रविवार दर आठवड्याला पुढे जातो. दोन रिक्षावाले मला विचारायलाही आले होते. पेनड्राइव्हमधला तुझा आवाज ठेवायचा की बदलायचा, हे त्यांना कळत नव्हतं. मी म्हटलं, सेल संपेपर्यंत राहू द्या. दुसरं काय सांगणार? अर्धा तालुका हा आवाज ओळखतो. तो कोणाचा होता हेच बहुतेकांना माहीत नाही, तर तो माणूस गेला हे कुठून माहीत असणार?

पेपरात तालुक्याच्या पानावर चार ओळी आल्या. ‘अनाउन्सर मोहन आडे यांचे निधन.’ रॅपर हा शब्द त्यात नव्हता. यात पेपरवाल्याची चूक नाही. त्यानं फोन केला तेव्हा मीच ‘अनाउन्सर’ म्हणून सांगितलं. रॅपर म्हटलं असतं तर त्यानं आणखी चार प्रश्न विचारले असते, आणि त्या दिवशी मला बोलवत नव्हतं. आता वाटतं, बोलायला पाहिजे होतं.

आणि हो, तुझ्याशी मी असल्या छापील मराठीत कधी बोललो नाही. तू असतास तर म्हणाला असतास, “कायले शायनिंग मारून राह्यला बे दिप्या?” पण लिहायला बसलो की माझ्या हातून शाळेत शिकवलेलीच भाषा येते. तू गाण्यात जे करायचास ते मला लिहिण्यात जमत नाही. सांभाळून घे.

तू पहिल्यांदा माझ्या दुकानात आलास तो तुमच्या बंजारा तांड्यावरच्या क्रिकेट टूर्नामेंटची जाहिरात रेकॉर्ड करायला. तेव्हा माझं काम म्हणजे लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ मिक्सिंग. मागच्या खोलीत एक माइक आणि भिंतींना टांगलेल्या आईच्या जुन्या गोधड्या, याला मी स्टुडिओ म्हणायचो. मी डबा खात होतो. तुला म्हटलं, कागद दाखव आधी, काय बोलायचं आहे ते. तुझ्याजवळ कागद नव्हता. तू माइकसमोर उभा राहिलास आणि बक्षिसं, नियम, तारखा, देणगीदारांची नावं, सगळं एका श्वासात म्हणून मोकळा झालास. कुठे अडखळला नाहीस, कुठलं नाव गिळलं नाहीस. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मग तू म्हणालास, आता खालून एखादा ठोका दे, आपलं बी काही हाये.

ते तुझं पहिलं गाणं. दारव्ह्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या माणसांबद्दल होतं. मी विचारलं, हे रॅप कुठून शिकलास? तुला तो शब्द नीटसा माहीत नव्हता. मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणलं होतं, त्यात कुणा परदेशी पोरांची गाणी होती. शब्द कळले नव्हते, पण चाल ओळखीची वाटली होती. होळीला तांड्यावर गोल करून, डफाच्या ठेक्यावर, एकमेकांवर शब्द फेकत लेंगी म्हणतात. तुला वाटलं, हे लोकसुद्धा लेंगीच म्हणताहेत. पुढे एका धुळवडीला तू मला तांड्यावर नेलंस आणि भर दुपारी त्या गोलात उभं केलंस. तेव्हा मला पटलं की तू कुणाची नक्कल करत नव्हतास. घरचीच गोष्ट तू माइकवर आणली होतीस.

नाव तू ‘लदेणी’ घेतलंस. तुमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव न्यायचे, त्या धंद्याचं नाव. तू म्हणायचास, आजा मीठ वाहायचा, मी बोलणं वाहून राह्यलो. राळेगावच्या गणपतीत तुझा पहिला मोठा कार्यक्रम ठरला, तेव्हा बॅनरवर ‘एमसी लेंडी’ असं छापून आलं. मी भांडायला निघालो होतो. तू त्या बॅनरखाली उभा राहून फोटो काढलास, स्टेजवर जाऊन त्याच नावावर चार ओळी तिथल्या तिथे जुळवल्यास आणि लोक हसून हसून बेजार झाले. तो फोटो माझ्याकडे आहे. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नाही, कारण साउंडवाल्यानं आपला माइक बंद करून मध्येच आरतीची कॅसेट लावली होती.

तुझी कारकीर्द, हा शब्द तुला आवडला नसता, अशाच कार्यक्रमांतून झाली. ऑर्केस्ट्राच्या दोन डान्सच्या मधली सहा मिनिटं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पाहुण्यांची गाडी यायला उशीर होतो तो वेळ. मुकुटबनला तुझं गाणं सुरू झालं आणि वीज गेली. कुणीही थांबलं असतं. तू माइक खाली ठेवलास आणि नुसत्या गळ्यानं पुढे चालू ठेवलंस. मी मैदानाच्या टोकाला, पानठेल्याजवळ उभा होतो. मला तुझं अक्षर न् अक्षर ऐकू आलं. वीज आली तेव्हा लोक म्हणत होते, राहू द्या, असंच म्हणा. खाली उतरल्यावर एक म्हातारे गृहस्थ तुझा हात हातात घेऊन म्हणाले, “ट्रॅक्टरच्या जाहिरातीतले तुम्हीच ना?” तू हो म्हणालास. परतीच्या जीपमध्ये मी चिडलो होतो आणि तू खूश होतास. तू म्हणालास, आवाज ओळखला ना त्यानं, नाव काय, सांगता येते कधी बी.

ते ‘कधी बी’ आलं नाही.

तू चांगला होतास, हे मी मित्र म्हणून म्हणत नाही. चौदा वर्षं तुझा आवाज मी कानात घालून मिक्स केला आहे, तुकड्यातुकड्यानं ऐकला आहे. तू श्वास कुठे घेतलास ते शोधावं लागायचं. आपल्या बोलण्यातलं ‘करून राह्यलो, जाऊन राह्यलो’ लोकांना खेडवळ वाटतं. तू त्याचं यमक असं बांधायचास की दुसरं काही तिथे बसलंच नसतं. आणि तुझी घरची गोर बोली. तिच्यात वाक्याच्या शेवटी ‘छ’ येतो. माइकवर तो ‘छ’ इतका नेमका पडायचा की मला वेगळी झांज लावायची गरज नसायची. मी तुला कितीदा सांगितलं असेल, त्या ‘छ’वर माझं अर्धं काम होतं. अर्थ मात्र मी कधी विचारला नाही. मला वाटायचं, आवाज कळला म्हणजे गाणं कळलं.

आपण रेकॉर्डिंग दुपारी एक ते चार या वेळात करायचो, कारण तेव्हा बाजार सुस्तावलेला असतो. पंखा बंद, दार बंद, दोघं घामानं निथळत. तू मला बाहेर आवाज गोळा करायला पाठवायचास. जिनिंगच्या यंत्राची घरघर, सोयाबीन काढायच्या मशीनचा धडधडाट, एसटीचं दार आदळल्याचा आवाज. मी कुरकुर करायचो आणि जायचो. आज माझ्याकडे लग्नाच्या व्हिडिओंपेक्षा चांगलं काही असेल तर ते एवढंच. आणि लॉकडाउनमध्ये लग्नं बंद पडली, माझं शटर उतरलं, तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या सूचना माझ्याकडेच रेकॉर्ड होतील असा हट्ट तू धरलास. तुला ते मोबाइलवर घरबसल्या करता आलं असतं. मी त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. तू ऐकूनही घेतलं नसतंस.

आता ‘काहून’बद्दल.

सोयाबीनच्या मशीनचा तो धडधडाट मी ठेक्यात बसवला होता. तू आलास, दोनदा ऐकलास आणि दुसऱ्या दिवशी तीन कडवी घेऊन आलास. दोन आपल्या वऱ्हाडीत, तिसरं गोर बोलीत. प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच प्रश्न, छापील मराठीतला ‘का’, आपला ‘काहून’.

येते म्हनते बस, पन येऊन नाई राह्यली, काहून?
उभ्यानं दुपार गेली, सावली नाई पाह्यली, काहून?
नाव सांगतलं पुरं, त्यानं अर्धंच लिहिलं, काहून?
आडनाव आयकून मंग पानी वरतून देल्लं, काहून?

तिसरं कडवं तू डोळे मिटून म्हटलंस. इतर दोन तू लोकांकडे पाहून म्हणावीत तशी म्हटली होतीस. मला त्यातला ‘याडी’ एवढा एकच शब्द कळला, आई. ते एकाच टेकमध्ये झालं. तू हेडफोन काढलास आणि बाहेर चहाला गेलास.

नंतर तू आठ दिवस निवडणुकीच्या प्रचाराच्या गाडीवर गेलास. गाणं तयार होतं. साडेचार मिनिटांचं. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि मला वाटलं, एवढं लांब कुणी ऐकणार नाही. त्यातून शेवटचं कडवं लोकांना समजणारही नाही. मी ते कापलं. अडीच मिनिटांत गाणं घट्ट झालं. तुला फोन करावा असं मनात आलं होतं, हे खोटं सांगत नाही. पण तू नाही म्हणशील हे मला माहीत होतं, म्हणून केला नाही. गाणं चढवून मोकळा झालो.

आणि ते चाललं. बारशात, ट्रॅक्टरवर, कापसाच्या गाड्यांवर, पोरापोरींच्या रीलमध्ये, सगळीकडे ‘काहून’. नागपूरकडची माणसंही ते वाजवत होती. तुझं नाव मी खाली लिहिलं होतं, पण लोकांनी तेवढा तुकडा कापून घेतला, आणि नाव मागे राहिलं. मी कापायला सुरुवात केली होती, पुढचं लोकांनी कापलं. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

तू परत आलास आणि चार दिवस दुकानात फिरकला नाहीस. पाचव्या दिवशी आलास. गिऱ्हाईक बसलं होतं, ते जाईपर्यंत थांबलास. मग उभ्यानंच बोललास. आवाज चढवला नाहीस.

“तू माह्या मायले अर्ध्या रस्त्यात गाडीतून उतरून देल्लं.”

मी म्हटलं, गाणं चाललं ना पण. सगळा जिल्हा ऐकून राह्यला.

“बारा वर्षं झाले, माह्या घरी जेवून राह्यला तू. चार शब्द नाई आले तुले?”

मी त्यावर जे बोललो ते इथे लिहितो, कारण तू गेलास म्हणून मला ते पुसता येणार नाही. मी म्हटलं, लोकांना समजेल असं लिहायचं असतं, तुझ्या तांड्यापुरतं नाही. हेडफोन टेबलावर होते, त्यांची वायर गुंडाळून ठेवलीस आणि गेलास.

महिनाभरानं मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीतून फोन आला. त्यांना ‘काहून’मधली एकच ओळ हवी होती. बाकी गाणं हिंदीत, म्हणणारा दुसरा, तुझं नाव मात्र द्यायला तयार होते. मी धावत तांड्यावर आलो. तू फोन स्पीकरवर घेतलास आणि त्या माणसाला एकच विचारलंस, तिसरं कडवं घेता का? तो हसला. वाईट हसला नाही, त्याला खरंच माहीत नव्हतं की असं काही कडवं आहे. तू म्हणालास, मग राहू द्या साहेब, आणि फोन माझ्या हातात दिलास.

त्यानंतर आपण तीन महिने बोललो नाही. मी सगळ्यांना सांगत फिरलो की हा माणूस हट्टी आहे, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो आणि माझ्याही. तू कुणाला काय सांगितलंस मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही. मग एक दिवस तू दुपारी एक वाजता आलास, पंखा बंद केलास, दार लावलंस आणि म्हणालास, ठोका दे. खत-बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात होती. माफी तू मागण्याचा प्रश्न नव्हता आणि मी मागितली नाही. आपलं पुन्हा सुरू झालं. तो वाद मात्र मिटला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. दोन वर्षांत तू तो मधूनमधून काढायचास. चहा पिताना, एकदम, ‘समजेल असं लिहायचं असते का बे?’ मी विषय बदलायचो.

यंदा गणपती संपले तेव्हा तुझा घसा बसला होता. अंगात कणकणही होती. साड्यांच्या सेलवाल्याला घाई होती आणि मी तुला म्हटलं, एवढं एक करून जा. तू केलंस. रविवारपर्यंतची ती संधी तू तापात म्हटली आहेस. ऐकताना कुणाला कळत नाही. मला कळतं, कारण त्यात तू दोन ठिकाणी श्वास घेतला आहेस. डॉक्टर म्हणाले की एका जाहिरातीनं काही फरक पडला नसता, डेंग्यूच तसा होता. मी ते मान्य केलं आहे. तरी सांगितलं.

यवतमाळच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी मी तुझ्याजवळ तासभर बसलो. तुझी बायको कविता औषधं आणायला खाली गेली होती. तू हळू बोलत होतास, मला वाकून ऐकावं लागत होतं. तुझं बोलणं वाकून ऐकायची ती पहिलीच वेळ. तू विचारलंस, “तिसरं कडवं हाये ना बे तुह्याजवळ?”

मी म्हटलं, हाये ना.

“मंग बरा झालो का पुरं गाणं टाकू. याडीले आयकवाचं हाये. तिले अजून मालूम नाई.”

मोहन, ते माझ्याकडे नव्हतं. आदल्या वर्षी हार्डडिस्क बसली, तिच्यात सगळं गेलं. मी ती नागपूरपर्यंत नेऊन आणली, काही निघालं नाही. कापलेलं गाणं इंटरनेटवर होतं म्हणून राहिलं. कडवं गेलं. वर्षभर मी तुला हे सांगितलं नाही, आणि त्या दिवशी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. मला बरं वाटलं की तुला बरं वाटलं. दोन दिवसांनी तू गेलास.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी मी तांड्यावर गेलो. कवितासमोर बसलो आणि हे सगळं सांगितलं. कापल्याचं तिला माहीत होतं, हरवल्याचं नव्हतं. याडी उंबऱ्याजवळ तूर निवडत बसली होती. मला वाटलं, कविता उठून आत जाईल. ती उठली नाही. मग म्हणाली, “मले येते ते.”

तू रोज सकाळी पाण्याचा ड्रम भरताना ते म्हणायचास म्हणे. गाण्याआधी पंधरा दिवस आणि गाण्यानंतर दोन वर्षं. याडी तेव्हा शेतात गेलेली असायची, ती गेल्यावरच म्हणायचास. कवितानं ते म्हणून दाखवलं. तुझ्यासारखं नाही, पोरं पाढे म्हणतात तसं, एका सुरात, खाली पाहत. मधल्या दोन ओळी तिला आठवल्या नाहीत. ‘छ’ मात्र सगळे जिथल्या तिथे पडले. आणि मग चौदा वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं, याचा अर्थ काय?

तिनं ओळ ओळ करून सांगितला. तू चौथीत होतास. शाळेत पालकांना बोलावलं होतं. याडी फेटिया-कांचळी घालून आली, तुमचा तो आरशांचा, नाण्यांचा भरजरी घागरा आणि चोळी, हातभर बांगड्या. ती वर्गात शिरली तशी नाणी वाजली. पोरं हसली. एकानं विचारलं, तुझी आई नाटकात काम करते का? घरी येऊन तू तिला म्हणालास, शाळेत असं येऊ नको. पुढच्या वेळी ती साडी नेसून आली. त्यानंतर तिनं फेटिया कधीच घातला नाही, सणालाही नाही. तुझ्या कडव्यात तेवढंच होतं, आणि शेवटी तू तिला म्हणत होतास, मी सगळ्या जगाला काहून विचारलं, याडी, मला कुणी नाही विचारलं. तुझा फेटिया मी काढायला लावला. काहून?

पहिल्या दोन कडव्यांत तू एसटीला विचारलं होतंस, शाळेला, ऑफिसला, पाणी वरून ओतणाऱ्याला. तिसऱ्यात स्वतःला. मी ते कापल्यावर जे उरलं, ते दुसऱ्यांच्या नावानं ओरडणारं गाणं होतं. तसलं गाणं कुणीही म्हणू शकतं. लोकांना आवडलं, कारण त्यात ऐकणाऱ्याला आणि म्हणणाऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं. तुझं गाणं तर मी कुणाला ऐकवलंच नाही.

याडीचे हात थांबले होते. तिनं कविताला तुमच्या बोलीत काहीतरी म्हटलं आणि कवितानं ते कडवं पुन्हा एकदा म्हटलं. याडीनं पूर्ण ऐकलं. मग ती माझ्याकडे वळली. मला समजावं म्हणून वऱ्हाडीत बोलली.

“त्याच्यासाठी नाई सोडला मी तो.”

मी विचारलं, मग कशासाठी?

“लई जड रायते बापा तो. कापूस येचाले गेलं का काट्याले अडके. भिजला का दोन दिवस वाळे नाई. माह्या मनात कवाचंच होतं सोडाचं, पन सासूचा धाक होता. हा बोलला आन् मले निमित्त भेटलं. सासूले सांगतलं, पोरगं लाजते म्हून सोडून राह्यली. तेच आयकलं असंन त्यानं.”

तुरीचं सूप तिनं बाजूला सरकवलं.

“येवढे वर्षं घेऊन बसला होता? मले इचाराचं होतं ना.”

ती रडली नाही. निदान मी होतो तोवर नाही. कविताला मला बाटी, तुमची भाकरी, वाढायला सांगितली आणि मी जेवलो.

निघताना कविता जीपपर्यंत पोचवायला आली. मी तिला विचारलं, याडी हे आपलं मन राखायला तर बोलली नाही? आई असं बोलू शकते. ती नाही म्हणाली. ती लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्यांनी तिच्यासाठी फेटिया शिवून दिला होता. याडीनं तो तिला दोन दिवससुद्धा घालू दिला नाही. म्हणाली होती, तुझ्या वयाची असताना मी यातून सुटायची वाट पाहत होते, तू कशाला अडकतेस? कविताला तेव्हा वाटलं होतं, सासूला नवी फॅशन आवडते. त्यापलीकडे तिनं विचार केला नव्हता. आणि तू पाण्याचा ड्रम भरत ते कडवं म्हणायचास, ते ऐकताना तिला या दोन गोष्टी एकत्र जोडाव्या असं कधी सुचलं नाही.

कवितानं म्हटलेलं कडवं मी मोबाइलवर घेतलं आहे. दोन ओळी नाहीत. मी त्या बसवणार नाही, दुसऱ्या कुणाला बसवूही देणार नाही. ते लोकांसमोर आणायचं की नाही, हे कविता आणि याडी ठरवतील. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. यावेळी मी विचारलं आहे. आठवड्यातून एक दुपार मी तांड्यावर जायचं आणि कवितानं मला तुमची बोली शिकवायची, असं ठरलं आहे. पहिला धडा झाला, लहान मुलांइतकंही बोलता आलं नाही, याडी हसली.

माझी माफी आहे, ती कापल्याबद्दल आणि त्याहून जास्त दवाखान्यातल्या त्या एका शब्दाबद्दल. ती तुझ्यापर्यंत पोचणार नाही आणि मलाही ती पुरेशी वाटत नाही. पण हे सगळं लिहायला बसलो ते माफीसाठी नाही. याडीचं बोलणं मी ऐकलं आणि ते ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस नव्हता, म्हणून लिहिलं. तुझ्या बोलीत मला अजून लिहिता येत नाही, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. तो फेटिया तू काढायला लावला नव्हतास. तिलाच तो नको होता, मोहन.